डाव्या हातातला फोन

सकाळी सातच्या सुमारास गिरीज गावातल्या एका केळीच्या वाडीत नरहरी आजोबा पाटाच्या कडेला कोसळले. कोयता त्यांच्या एका बाजूला पडला. मी दुसऱ्या बाजूला, पाटाच्या पाण्यात पडलो. थोडा वेळ चालू राहिलो आणि मग बंद झालो.

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. माझी काच एका कोपऱ्यात तडकली आहे, पाठीवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत आणि पोटात एका माणसाचा आवाज आहे. तो माणूस जिवंत आहे, पण त्याचा आवाज आज त्याच्याकडे नाही. तो माझ्याकडे आहे आणि मी तो कोणालाही देऊ शकत नाही, त्याच्या घरच्यांनासुद्धा. जे मी पाहिलं ते पाहिलं म्हणून सांगेन. जे नुसतं ऐकलं ते ऐकलं म्हणून.

माझा जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका पट्ट्यावर आम्ही सगळे सारखेच होतो. मला विकत घेतलं विपुलने. विपुल हा नरहरी आजोबांचा मुलगा. तो एव्हरशाईन सिटी या वसाहतीत राहतो आणि संगणकाची नोकरी करतो. पहिली काही वर्षं त्याने मला तळहातावर वागवलं. मग कंपनीने माझ्यासाठी सुधारणा पाठवणं थांबवलं. मी रेंगाळू लागलो, मधेच अडकू लागलो. दुसऱ्या कोणी मला कपाटात टाकलं असतं. विपुलने एका रविवारी मला लॅपटॉपला जोडलं आणि माझं मूळ कुलूप उघडलं. कारखान्यातून निघताना आमच्या प्रत्येकाला एक कुलूप असतं. कंपनीखेरीज दुसऱ्या कोणाची कार्यप्रणाली आत शिरू नये म्हणून. ते काढून त्याने हौशी लोकांनी बनवलेली हलकी प्रणाली माझ्यात भरली.

मी पळू लागलो. त्याचे मित्र मला हातात घेऊन म्हणत, "हा तोच जुना? खोटं बोलतोस." मला अभिमान वाटायचा. पण त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली. मी चालू होतो तेव्हा सर्वांत आधी काळ्या पडद्यावर एक सूचना दाखवावी लागते: या फोनचं कुलूप उघडलेलं आहे, यातल्या माहितीच्या सुरक्षिततेची खात्री देता येत नाही. चौकीत रोज हजेरी लावणाऱ्या माणसासारखं मला हे दर वेळी सांगावं लागतं. बँकेचं अ‍ॅप तर माझ्यात पाऊलच टाकत नाही.

विपुलने नवा फोन घेतला आणि मला गिरीजला आणलं. बाहेरचं दार उघडं आहे म्हणून त्याने आतली तिजोरी पक्की केली. माझ्या पोटात जे काही साठेल ते सगळं सांकेतिक लिपीत लिहिलं जाईल आणि त्याची किल्ली म्हणजे फोन उघडायचा नंबर, अशी व्यवस्था केली. बाबा वाडीत फोन विसरतात, कोणाच्या हाती लागला तर, म्हणून आणखी एक नियम घातला: ओळीने पाच वेळा नंबर चुकला की पोटातलं सगळं पुसून टाकायचं. हा नियम त्याने कोणाला सांगितला नाही. पुढे तो स्वतःच विसरला. बाहेर कुठे प्रत साठवायची सोयही बंद ठेवली. का, तर मी हलका राहावा.

मग ओटीवर बसून त्याने मला वडिलांच्या हातात दिलं. त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं.

"बाबा, चार आकडी नंबर टाका. तुम्हांला आठवेल असा."

"तुला सांगून ठेवू?"

"मला पण नाही. कोणालाच नाही. आणि कुठे लिहायचा पण नाही."

"आईला?"

"आईला तर अजिबात नाही," विपुल हसत म्हणाला. "अख्ख्या गिरीजला कळेल."

आतून चंद्रकांता आजी म्हणाल्या, "मला काय करायचाय तुमचा नंबर. मला पोळ्या करायच्यात."

"बरं," नरहरी आजोबा म्हणाले. ते बरं म्हणाले की ती गोष्ट तशीच होते. त्यांनी चार आकडे टाकले आणि ते कोणालाही सांगितले नाहीत.

अंगठा टेकवून मला उघडता येतं. पण केळीच्या चिकाने आणि मातीने आजोबांच्या अंगठ्यावरच्या रेषा जवळजवळ बुजल्या होत्या. त्यांनी पहिले काही दिवस पुन्हा पुन्हा अंगठा टेकवला. मी दर वेळी ओळख नाकारली. ज्या हाताने मला रोज पुसून ठेवलं, त्या हाताला मी परका ठरवलं. शेवटी त्यांनी अंगठ्याचा नाद सोडला आणि नंबरच दाबू लागले. चष्मा न लावता, वर न बघता. नंबर त्यांच्या बोटांना पाठ झाला.

माझ्या कामाची खरी वर्षं तीच. आजोबांना टाइप करणं जमत नसे. मात्र आवाज नोंदवायची सोय त्यांना एकदाच दाखवली आणि ती त्यांनी सोडली नाही. रोज सकाळी पाटाला पाणी सोडलं की ते वाडीत फिरत आणि जे दिसेल ते मला सांगत. कुठल्या केळीला केळफुलाचा कोका आला, कुठलं केळ्यांचं लोंगर तयार झालं, कुठल्या झाडाला टेकू हवा, नारळावर कुठे भुंगा लागला, शेजारच्या लिडियाबाईंच्या कोंबड्यांनी अळूच्या वाफ्यात काय धिंगाणा घातला. मधेच एखादं जुनं लग्नातलं गाणं. मधेच रुसलेल्या बायकोबद्दल दोन वाक्यं. सगळं घरच्या बोलीत. ती बोली मी इथे लिहीत नाही. माझ्या लिहिण्यात ती खोटी पडेल. ती त्यांच्या तोंडूनच ऐकायला हवी.

चंद्रकांता आजी म्हणत, "माझ्याशी बोलताना तोंडात सुपारी असते ह्यांच्या. फोनशी बघा कसे बोलतात."

"तो मधे बोलत नाही," आजोबा म्हणत.

"मग त्याच्याशीच संसार करा."

हे रोजचंच होतं. ह्यात कोणी कोणाला दुखावलं नव्हतं. आजींना आता तसं वाटत नाही.

त्या सकाळी आजोबा नेहमीसारखे बोलत होते आणि मी नोंदवत होतो. एका केळीच्या नावापाशी शब्द अडला. पुढचा शब्द वेडावाकडा आला. त्याच्यापुढे नुसता आवाज राहिला, शब्द नव्हते. माझ्या पडद्यावरचा लाल ठिपका लुकलुकत राहिला. माझ्यावर सोपवलेलं काम तेवढंच होतं, हे खरं आहे. मी तो आवाज ऐकला आणि नुसता साठवत राहिलो, हेही खरं आहे.

कुंपणापलीकडे लिडियाबाई भाजी खुडत होत्या. त्यांनी तो आवाज ऐकला. त्यांना वाटलं, नरहरीभाऊ रोजचं बोलतायत. पाटाचं पाणी आपल्या बाजूला फुटून आलं तेव्हा त्या बघायला आल्या. पुढे त्या आजींना म्हणाल्या ते मी ऐकलं. तेव्हा मी तांदळाच्या डब्यात पुरलेला होतो. पाण्यात पडलेल्या फोनला तांदळात ठेवतात, म्हणून लिडियाबाईंनीच मला ठेवलं होतं.

"चंद्राबाय, मी ऐकलं गो. मी खुडत बसले."

"तुला काय माहीत लिडिया. मी तर घरातून ऐकत होते. म्हटलं, चालू झालं ह्यांचं."



आजोबांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. वाचा गेली. समोरच्याचं बोलणं त्यांना कळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं; पण त्यांना हवा तो शब्द तोंडापर्यंत येत नाही. कृतिका नावाच्या एक बाई त्यांना बोलायला शिकवायला येऊ लागल्या. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलतं करणं हेच त्यांचं काम. त्यांनी चित्रं दाखवली, पुस्तकातली वाक्यं म्हणवली. आजोबा भिंतीकडे बघत राहिले. तेव्हा कृतिकाबाईंनी विचारलं, "त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं काही आहे का? रोजचं, वाडीतलं, घरच्या बोलीतलं. ते लावून त्यांना बरोबर म्हणायला सांगू. कधी कधी शब्द तसा परत येतो. हमी देत नाही. पण हे पहिले आठवडे महत्त्वाचे असतात."

आजी उठल्या आणि तांदळाच्या डब्यापाशी गेल्या.

मी सुकलो होतो. विपुलने मला चालू केलं. मी आधी माझी ती काळी सूचना दाखवली आणि मग नंबर विचारला. इथे तुम्हांला वाटेल, फोनला नंबर माहीत असेलच. नाही, मित्रांनो. मी नंबर साठवत नाही. कोणी टाकला तर तो बरोबर की चूक एवढंच सांगू शकतो. आणि बरोबर नंबर पडेपर्यंत माझं पोट मलाही बंद असतं. एक माणूस सोडला तर तो नंबर कोणालाच ठाऊक नव्हता आणि त्या माणसाला तो सांगता येत नव्हता.

"माझं जन्मसाल असणार," विपुल म्हणाला आणि त्याने तेच दाबलं. मी चूक सांगितलं.

 मग तो आईला म्हणाला, "तुमच्या लग्नाचं साल सांग."

आजींनी सांगितलं. मी चूक सांगितलं. आजी म्हणाल्या, "ह्यांना कधी लक्षात होतं ते?"

तिसऱ्यांदा विपुलने वाडीच्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर दाबला. त्याला खात्री होती. मी पुन्हा चूक सांगितलं. आणि त्या वेळी मी माझ्या नियमाप्रमाणे खाली बारीक अक्षरांत लिहिलं: आणखी दोन चुकीच्या प्रयत्नांनंतर माहिती पुसली जाईल.

विपुलने ते वाचलं. त्याने मला झटकन खाली ठेवलं.

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"हे मीच घातलं होतं," तो म्हणाला. "चोराच्या हाती लागला तर म्हणून."

"मग चोराच्या हाती लागलाय का?"



विपुलने मला एव्हरशाईन सिटीत नेलं आणि सुट्टीचा पूर्ण दिवस लॅपटॉपला जोडून ठेवलं. माझं बाहेरचं दार त्याने स्वतःच उघडलं होतं, त्यामुळे तो सहज आत आला. आत त्याला आवाजांच्या नोंदी दिसल्या नाहीत. दिसल्या त्या अर्थ नसलेल्या अक्षरांच्या रांगा. त्यानेच मला तसं लिहायला सांगितलं होतं आणि मी ते चोख पाळलं होतं. मला ह्या चोखपणाची लाज वाटते.

मग तो मला स्टेशनजवळच्या उमंगच्या दुकानात घेऊन गेला. उमंगने मला उलटसुलट केलं, काळी सूचना वाचली आणि म्हणाला, "ही करामत कोणाची?"

"माझी."

"छान केलीय," उमंग म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. "हे बघा साहेब, रिसेट मारला तर फोन चालू होईल. पण आतलं गेलं. वर रिसेटनंतर हा जुना अकाउंट मागेल. आहे का पासवर्ड?"

"कॉलेजमधला आहे. ज्या नंबरवर बनवला तो केव्हाच बंद पडला."

"म्हणजे फोन पण गेला. आता बाहेर तुम्हांला सांगणारे भेटतील, खोलून देतो म्हणून. पैसे घेतील आणि रिसेट मारतील. मी तसं नाही करणार. तुमच्या बाबांचा नंबर, तोच रस्ता. नाहीतर बंद करून जपून ठेवा. पुढेमागे कोणी काही शोधून काढलं तर बघू."

"बाबांकडे तेवढे आठवडे नाहीत," विपुल म्हणाला.

उमंगने मला पुसून परत दिलं.

चौथा प्रयत्न आजोबांच्या बिछान्यापाशी झाला. विपुलने मोठ्या आकड्यांचा तक्ता करून त्यांच्यासमोर धरला. "बाबा, नंबर दाखवा. एक एक." कृतिकाबाईंनी आधीच सावध केलं होतं की मनातला आकडा आणि बोटाखालचा आकडा एकच असेल असं नाही. विपुलला राहवत नव्हतं. आजोबांनी तक्त्यावर चार आकडे दाखवले. विपुलने ते जसेच्या तसे दाबले. मी थरथरलो, म्हणजे चूक. आजोबांनी माझं थरथरणं पाहिलं. आपण दाखवलेलंच चुकलं, हे त्यांना कळलं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि संध्याकाळपर्यंत इकडे वळले नाहीत.

मी आयुष्यात अनेकदा थरथरलो आहे. कोणाचा फोन आला तरी थरथरतो. त्या एका थरथरण्याची भरपाई मला करता येणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या थोरल्या माणसाला तुम्ही तुमचा जुना फोन द्याल. द्या, त्यात वाईट काही नाही. पण देताना घड्याळ बघू नका. कुलूप लावलंत तर त्यांच्याजवळ बसा, ते कसं उघडायचं आणि ते आजारी पडले तर कोणी उघडायचं, हे दोघांनी मिळून ठरवा. जे त्यांच्या आवाजात आहे त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि ते रोज काय बोलतात ते कधीतरी ऐका. विपुलने माझ्यातली एकही नोंद ऐकलेली नव्हती. आजीही नाही. सगळ्यांना वाटत होतं, आहेत की तिथे, ऐकू कधीतरी.

आता आज सकाळचं सांगतो. हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण मी ओटीवरच्या स्टुलावर उताणा ठेवलेला होतो.

आजोबांना खुर्चीत बसवून ओटीवर आणलं होतं. त्यांच्या पायाशी चंद्रकांता आजी केळीच्या लोंगराच्या फण्या सोडवत होत्या. वाडीतलं काम थांबत नाही. आजींनी कोयता खाली ठेवला आणि त्या पाटी आणायला आत गेल्या. आजोबा खुर्चीतून कलले, डाव्या हाताने कोयता उचलला आणि मांडीवर ठेवला.

विपुल धावला. "बाबा, काय करताय? आई, कोयता इथे कशाला ठेवलास?" त्याने कोयता काढून घेतला.

आजोबांच्या तोंडातून आवाज आला. शब्द नव्हता, पण राग होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा राग होता. त्यांनी डावा हात पुढे केला. विपुलने घाबरून पाटी घेऊन परत आलेल्या आईकडे पाहिलं.

"दे," आजी म्हणाल्या.

"अगं, लागेल त्यांना."

"पन्नास वर्षं नाही लागला. दे."

आजोबांनी कोयता पुन्हा मांडीवर घेतला. डाव्या हाताने आपला लुळा उजवा हात उचलून कोयत्याच्या मुठीपाशी ठेवला आणि एक एक करून त्याची बोटं मुठीभोवती वळवली. बोटं राहिनात. आजी खाली बसल्या आणि त्यांनी आपला हात त्या हातावर घट्ट धरला. मग आजोबांनी डावा तळहात रिकामा पुढे केला. त्याचा अंगठा हवेत हलत होता.

आजींची नजर त्या अंगठ्यावर गेली. मग म्हणाल्या, "विपुल, फोन."

"काय?"

"वाडीत ह्यांच्या उजव्या हातात कोयता असायचा. फोन डाव्या हातात. नंबर त्या अंगठ्याला पाठ आहे आणि आपण तक्त्यावरचे आकडे विचारत होतो."

विपुलने मला उचललं. तो देईना. "आई, एकच उरलाय. हा चुकला तर सगळं जाईल. उमंग म्हणत होता, जपून ठेवा."

"जपून ठेवून कोण ऐकणार?"

"पण गेलं तर? तुझ्याकडेही काही राहणार नाही."

कुंपणाशी लिडियाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातातली भाजीची जुडी त्यांनी छातीशी धरली होती.

"आवाज त्यांचा आहे," आजी म्हणाल्या. "पुसला जायचा असेल तर त्यांच्या हाताने जाऊ दे. तुझ्या नको, माझ्याही नको."

विपुलने मला चालू केलं. काळी सूचना आली आणि गेली. त्याने मला आजोबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि हात मागे घेतला.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वाडीकडे पाहत होते. आज पाणी लिडियाबाईंनी सोडलं होतं आणि ते पहिल्या आळ्यापर्यंत पोचलं होतं. त्यांचा अंगठा खालच्या कोपऱ्यात गेला आणि दाबला. मग वर. तिसऱ्या आकड्याला तो थांबला. आजींनी उजवा हात आणखी घट्ट धरला. अंगठा पुढे सरकला, दाबला, मागे आला, पुन्हा दाबला.

पडद्यावर चार ठिपके आहेत. त्यांच्यामागचे आकडे बरोबर आहेत की चूक हे मला माहीत नाही. खाली उजवीकडची खूण दाबल्याशिवाय मला ते तपासता येत नाही. आजोबांचा अंगठा त्या खुणेच्या अगदी वर येऊन थांबला आहे. त्यांनी तो अजून टेकवलेला नाही.